कंट्रोलच्या दुकानामागचं महायुद्ध



"आज कंट्रोल उघडलं का वं?" साकोलीच्या भागात हा प्रश्न आजही कानावर पडतो. सरकारी कागदावर ते 'रास्त भाव दुकान' असतं, पोरीबाळी 'राशन' म्हणतात, पण आपल्या सासवा आणि आज्या 'कंट्रोल'च म्हणतात. हा इंग्रजी शब्द आपल्या झाडीपट्टीच्या तोंडात बसला कसा? त्याचं उत्तर ऐंशी वर्षांपूर्वीच्या महायुद्धात आहे. ते युद्ध आपल्या शिवारात आलं नाही, पण आपल्या चुलीपर्यंत मात्र पोचलं.

तांदूळ अडला कुठं?

सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात दुसरं महायुद्ध सुरू झालं. भारतावर इंग्रजांचं राज्य होतं, म्हणून आपल्याला न विचारताच आपला देशही त्यात ओढला गेला. सैन्यासाठी धान्य, कापड, चामडं, लाकूड अशी सगळ्याचीच खरेदी सुरू झाली आणि भाव चढू लागले.

मार्च १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेशातलं रंगून शहर घेतलं. ब्रह्मदेश म्हणजे आजचं म्यानमार. तिथून दरवर्षी लाखो टन तांदूळ भारतात यायचा, दिव्याचं मातीचं तेलही यायचं. ते दोन्ही एकदम थांबलं. व्यापाऱ्यांनी माल दडवला. मग सरकारने भावावर आणि विक्रीवर बंधन घातलं. ह्या बंधनाला इंग्रजीत 'कंट्रोल' म्हणतात. धान्य, साखर, कापड, मातीचं तेल सगळं कंट्रोलमध्ये आलं, आणि ज्या दुकानात ते मिळायचं, त्या दुकानालाच लोक 'कंट्रोल' म्हणू लागले. कंट्रोलबाहेर चोरून जे विकलं जाई, तो झाला 'काळाबाजार'.

बंगालमध्ये काय झालं?

सगळ्यात मोठा घाव बंगालला बसला. जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने तिथल्या किनारी भागातल्या हजारो होड्या काढून घेतल्या. मासेमारांचा धंदा बुडाला, नदीवरून होणारी धान्याची ने-आण अडली. त्यातच वादळ आलं, पीक गेलं. तांदळाचा भाव मजुराच्या आवाक्याबाहेर गेला. १९४३ च्या त्या दुष्काळात सरकारी चौकशी आयोगाच्या अंदाजाने सुमारे १५ लाख माणसं मेली. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा ३० लाखांपर्यंत नेला आहे.

अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन तेव्हा बंगालमध्येच होते, वय जेमतेम नऊ-दहा. पुढे त्यांनी ह्या दुष्काळाचा अभ्यास करून दाखवलं, की माणसं मेली ती काही सगळं धान्य संपलं म्हणून नाही. धान्य होतं, पण ते विकत घ्यायला भूमिहीन मजुराच्या, मासेमाराच्या हातात पैसा नव्हता. आपण धान पिकवणाऱ्या बाया आहोत, आपल्याला हे लवकर समजेल. कोठी भरलेली असली म्हणून ताट भरतंच असं नाही. मधे वाटप असतं.

हीच गोष्ट सरकारलाही त्या वर्षी कळली. १९४३ मध्ये मुंबईत कार्डावर मोजून धान्य देणं सुरू झालं, मग इतर शहरांत. स्वातंत्र्यानंतर १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ उभं राहिलं आणि ही व्यवस्था हळूहळू खेड्यांपर्यंत आली. आज आपलंच धान आधारभूत केंद्रावर जातं, गिरणीत भरडलं जातं आणि तांदूळ होऊन कुणाच्या तरी कंट्रोलमध्ये पोचतं.

पैशाला भोक का पडलं?

बचतीचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्याला ही गंमत माहीत हवी. काडतुसं पितळेची बनतात आणि पितळेला तांबं लागतं. युद्धात तांबं कमी पडलं, म्हणून १९४३ पासून मधोमध भोक असलेला पैसा निघाला. जुन्या डब्यात, आजीच्या गाठोड्यात तो सापडतो. चांदीचा रुपयाही असाच बदलला. आधी त्यात शंभरात जवळपास ९२ भाग चांदी असायची, १९४० मध्ये ती ५० वर आली. माळेत ओवलेला रुपया मोडायला काढाल, तर त्यावरचं साल आधी पाहा.

शेतात, दवाखान्यात, खाणीत

युरियाची चुंगडीसुद्धा युद्धाशी नातं सांगते. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवायची रीत जर्मनीत निघाली. १९१३ मध्ये तिचा कारखाना सुरू झाला. पहिल्या महायुद्धात त्याच अमोनियापासून स्फोटकं बनली, नंतर त्याच रीतीने जगभर खत बनू लागलं. बंगालच्या दुष्काळानंतर आपल्या देशातही मोठा खत कारखाना काढायचं ठरलं, आणि १९५१ मध्ये सिंद्रीला उत्पादन सुरू झालं.

पेनिसिलिनचं औषध युद्धाआधीच सापडलं होतं, पण जखमी सैनिकांसाठी ते मोठ्या प्रमाणावर बनवायची पद्धत युद्धकाळात बसली. १९५० च्या दशकात ते आपल्या पिंपरीत बनू लागलं. बाळंतपणानंतरच्या तापाने बाया दगावायच्या, त्यातल्या कितीतरी अशा औषधांनी वाचल्या.

आपल्या जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत. मजबूत पोलादाला मँगनीज लागतं, आणि तोफा-रणगाड्यांना पोलाद. म्हणजे जगात कुठंही लढाई पेटली, की ह्या दगडाची मागणी हलते.

काही गावंच युद्धाने वसवली. कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडहून परागंदा झालेल्या सुमारे ५,००० लोकांची छावणी होती, त्यात बाया आणि लेकरंच जास्त. कल्याणजवळची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचं घर झाली. तेच आजचं उल्हासनगर.

आणि आज?

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं. आपल्याकडे येणारं सूर्यफुलाचं बरंचसं तेल युक्रेनमधून यायचं. काही आठवड्यांतच दुकानातलं तेल महागलं, परदेशातून येणाऱ्या खताचे भावही चढले. युद्ध थांबवणं आपल्या हातात नाही. पण त्याचा घाव ताटावर पडू नये म्हणून जी व्यवस्था उभी आहे, तिच्यावर लक्ष ठेवणं आपल्या हातात आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने ते धान्य आपला हक्क केलं आहे. तेव्हा पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा:

• सगळ्या सदस्यांनी कार्ड आणावं. नव्या सुनेचं, नव्या बाळाचं नाव चढलं का, सगळ्यांची आधार पडताळणी झाली का, हे एकमेकींचं तपासा.

• प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य महिन्याला मिळायला हवं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. वजन डोळ्यांनी पाहा आणि यंत्राची पावती मागून घ्या.

• कायद्याप्रमाणे घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई कार्डाची कुटुंबप्रमुख असते. आपल्या कार्डावर कोण आहे?

• दुकानावर देखरेख ठेवणारी दक्षता समिती कायद्यात आहे, आणि तिच्यात बायांना जागा आहे. आपल्या गावच्या समितीत कोण कोण आहे, हे ग्रामसभेत विचारा. तक्रार असेल तर १९६७ ह्या क्रमांकावर फोन लावा.

• नवं दुकान द्यायचं असेल, तर बचत गटांना प्राधान्य द्यावं असंही कायदा सांगतो. तहसीलचा जाहीरनामा निघाला की गटाने अर्ज करायला मागं राहू नये.

आपल्या आज्या कंट्रोलसमोर रांगेत उभ्या राहिल्या. आपण गल्ल्यामागं बसून प्रामाणिकपणे माप घालू शकतो.