गिअर खाली घेताना गाडी का हिसडते?

छोटा टेम्पो किंवा पिकअप ही आज दुकानाच्या गल्ल्याइतकीच धंद्याची वस्तू झाली आहे. मालेगावचे कापडाचे तागे असोत, कारागिराने तयार केलेले काचेचे शोकेस असो किंवा चिपळूणहून कुंभार्ली घाटाने वर जाणाऱ्या आंब्याच्या पेट्या असोत, माल गिऱ्हाइकाच्या दारी कसा पोहोचतो यावर नफा-तोटा ठरतो. आमचे बरेच वाचक स्वतःच गाडी चालवतात, काहींनी ड्रायव्हर ठेवला आहे. दोघांच्याही उपयोगाची, पण फारशी कोणी न शिकवलेली एक गोष्ट आज आम्ही घेतली आहे. ती म्हणजे चालत्या गाडीचा गिअर हिसका न बसता खाली घेणे.

वरचा गिअर टाकणे सर्वांनाच येते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तेच घटवून घेतात आणि लायसन्सच्या परीक्षेतही तेवढ्यावर भागते. खाली येताना मात्र चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा टाकला आणि क्लच सोडला की गाडी पुढून दाबली जाते, मागचा माल केबिनवर येऊन आदळतो आणि शेजारी बसलेला माणूस डॅशबोर्डवर हात टेकतो. ड्रायव्हर म्हणतो, ‘गाडी जुनी झाली.’ बहुतेक वेळा तसे काही नसते.

गिअरबॉक्सचे गणित साधे आहे. समजा, एका टेम्पोत चौथ्या गिअरवर इंजिन आणि मागे जाणारा शाफ्ट सारख्याच वेगाने फिरतात. तिसऱ्यात इंजिन शाफ्टच्या दीडपट, दुसऱ्यात अडीचपट आणि पहिल्यात चौपट फिरते. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाताना चौथ्यात इंजिनाचे मिनिटाला १२०० फेरे होत असतील, तर त्याच वेगाला तिसऱ्यात १८००, दुसऱ्यात ३००० आणि पहिल्यात ४८०० फेरे लागतील. प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे असतात, हिशेबाची रीत हीच.

आता क्लच दाबून आपण पाय रेसवरून काढला की इंजिन ७००–८०० फेऱ्यांवर येऊन बसते. त्याच स्थितीत दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, तर ८०० फेऱ्यांच्या इंजिनाला एका क्षणात ३००० फेऱ्यांवर जायचे असते. ही ताकद कोठून येणार? धावत्या गाडीच्या चाकांतूनच. चाके इंजिनाला ओढतात, गाडी अडखळते आणि मधला सगळा फरक क्लच प्लेट घासून घासून भरून काढते. हिसका म्हणतात तो हाच.

म्हणून उपायही त्या हिशेबातूनच निघतो. क्लच सोडण्याआधी इंजिनाला खालच्या गिअरला लागणाऱ्या फेऱ्यांपर्यंत आणून ठेवायचे. प्रथम ब्रेकने वेग कमी करावा. गिअर हा ब्रेकच्या बदल्यात वापरायचा नसतो, आधी वेग आणि मग गिअर. नंतर क्लच पूर्ण दाबावा, दांडा खालच्या गिअरमध्ये घ्यावा आणि क्लच दाबलेला असतानाच रेसला हलका ठोसा द्यावा. इंजिनाचा आवाज चढला की क्लच सोडावा, तोही एका दमात टाकून न देता जिथे पकडायला लागतो तिथे क्षणभर थांबून. आवाज बरोबर जुळला असेल तर गिअर बदलल्याचे शेजारच्याला कळतही नाही. रेस जास्त झाली तर गाडी पुढे उसळते, कमी झाली तर मागे खेचते. दोन्ही चुका अंगाला जाणवतात, त्यामुळे शिकायला दुसऱ्या मास्तराची फारशी गरज पडत नाही.

काही जण मधला मार्ग काढतात. रेस न देता हाफ क्लचवर गाडी तीन-चार सेकंद सरकवतात. हिसका बसत नाही हे खरे, पण त्याची किंमत क्लच प्लेट मोजते. एकदोनदा चालेल. गर्दीच्या रस्त्यावर दिवसातून दोनशे वेळा तेच केले, तर प्लेट आपले आयुष्य पुरे करीत नाही. प्लेटची किंमत एक वेळ परवडेल, पण ती बदलायला सगळा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मजुरी जाते आणि गाडी उभी राहिल्याने भाडेही बुडते.

जुन्या मिस्त्रींना येथे ‘डबल क्लच’ आठवेल. पूर्वीच्या गाड्यांत इंजिन आणि चाके जुळवण्याबरोबर गिअरबॉक्सच्या आतले दातेही ड्रायव्हरलाच जुळवावे लागत. म्हणून क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून गिअर, अशी दोनदा कसरत करावी लागे. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत सिंक्रोमेश आले. त्यात एक छोटी कंगोरेदार रिंग दाते एकमेकांत शिरण्यापूर्वी घासून त्यांचा वेग सारखा करते. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी, जी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून कायमची गेली, तिच्या वरच्या तीन गिअरना सिंक्रोमेश होते, पहिल्याला नव्हते. चालत्या पद्मिनीत पहिला टाकताना जो ‘कर्रर्र’ आवाज येई त्याचे कारण हेच. आजच्या गाड्यांत ही रिंग असते, पण ती फक्त आतले दाते जुळवते, इंजिन नाही. इंजिनाचे काम अजून आपल्या उजव्या पायाकडेच आहे. खालचा गिअर टाकताना दांडा अडत असेल तर जोर लावू नये. वेग अजून जास्त आहे, असे रिंग सांगत असते.

एक चूक मात्र हिसक्यावर थांबत नाही. ताशी ६० च्या वेगात चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला, तर वरच्या हिशेबाने इंजिनाला ६००० फेरे करावे लागतील. डिझेल इंजिन एवढ्यासाठी बनवलेले नसते. गव्हर्नर फक्त डिझेल तोडतो, पण फिरवणारी चाके असल्यावर त्याचा इलाज चालत नाही. व्हॉल्व्ह वाकणे, टायमिंगचा पट्टा तुटणे असे प्रकार यातूनच होतात. दोन गिअर एकदम उतरायचे असतील तर आधी वेग खरोखर उतरला आहे का, हे पाहावे.

आता घाटाकडे येऊ. येथे हिशेब पैशांपुरता राहत नाही. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे आणि खोपोली घाटाच्या पायथ्याशी. म्हणजे बोरघाट उतरणारी गाडी ५०० मीटरहून अधिक खाली येते. मालासह ३ टन वजनाची पिकअप ५०० मीटर उतरताना जी ऊर्जा सोडते, ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता म्हणून गेली तर सुमारे ५० लिटर थंड पाणी उकळीला आणता येईल. वाऱ्यावर थोडी निघून जाते हे धरले, तरी एवढी उष्णता चार चाकांच्या ड्रम आणि लायनरमध्ये कोंबणे म्हणजे काय, हे कोणाही लोहार किंवा फॅब्रिकेटरला सांगायला नको. ड्रम तापून फुगतो व लायनरपासून दूर जातो, लायनरची पकड कमी होते. ब्रेक ऑइल जुने होऊन त्यात पाणी मुरलेले असेल तर ते उकळते, वाफ धरते आणि पॅडल थेट खाली जाते.

म्हणून उतारावर वजन इंजिनाने धरायचे आणि ब्रेकने मधूनमधून वेग छाटायचा. जो घाट चढताना दुसरा लागतो, तो उतरतानाही दुसराच, भरलेल्या गाडीला कधी त्याहूनही एक खाली. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे हा गिअर उतार सुरू होण्यापूर्वी टाकावा. उतारात वेग वाढल्यावर गिअर काढला आणि खालचा बसलाच नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये सुटते आणि सारा भार तापलेल्या ब्रेकवर येतो. पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. मोकळ्या पिकअपची मागची बाजू हलकी असते. ओल्या वळणावर रेस न देता क्लच सोडला की मागची चाके क्षणभर अडकतात आणि गाडी आडवी होते. हिसका टाळण्याची कला तेथे जीव वाचवते.

२० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात मुंबई–बंगळूर महामार्गावर, कात्रज बोगद्याकडून येणाऱ्या उतारावर नवले पुलाजवळ एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. चालकाने डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असे तेव्हाच्या प्राथमिक तपासात पुढे आले. इंजिन बंद झाले की ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम किंवा हवा तयार होणे थांबते. साठलेल्या जोरावर दोन-तीन वेळा ब्रेक लागतो, मग पॅडल दगडासारखे होते. पॉवर स्टिअरिंगही जड पडते.

आणि डिझेल तरी वाचते का? इंजिन चालू ठेवून न्यूट्रल केले तर ते आयडलवर डिझेल पीतच राहते. उलट गाडी गिअरमध्ये असून पाय रेसवरून काढलेला असेल, तर चाकेच इंजिन फिरवतात आणि आजच्या गाड्यांत इंधनाचा पुरवठा त्या वेळी आपोआप बंद होतो. म्हणजे उतारावर गिअरमधली गाडी न्यूट्रलपेक्षा कमी पिते. ज्या मालकांनी वाचलेल्या डिझेलचे पैसे ड्रायव्हरला देण्याची पद्धत ठेवली आहे, त्यांनी ही गोष्ट त्याला स्वतः समजावून सांगावी असे आम्हाला वाटते. ठरावीक लिटरमध्ये फेरी पूर्ण करण्याचा तगादा लावायचा आणि अपघात झाल्यावर ड्रायव्हरला बोल लावायचा, हा व्यवहार आम्हाला पटत नाही.

चढावर नियम वेगळा नाही, फक्त घाई जास्त. इंजिन धापा टाकू लागेपर्यंत वाट पाहू नये. आवाज जड झाला की लगेच खालचा गिअर घ्यावा. चढावर क्लच दाबताच गाडीचा वेग भराभर पडतो, त्यामुळे रेस थोडीच लागते, हात मात्र चपळ हवा. अरुंद घाटात वर येणाऱ्या गाडीला वाट देण्याचा नियम याचसाठी आहे, कारण भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलताना क्लच भाजतो.

नवीन ड्रायव्हर ठेवताना त्याला वेगात गाडी चालवायला लावण्यापेक्षा मागच्या हौद्यात पाण्याने भरलेली उघडी बादली ठेवून बाजारातून एक फेरी मारून आणायला सांगावे. परत आल्यावर बादलीत किती पाणी उरले ते पाहावे. स्वतः सराव करायचा असेल तर रिकामी गाडी घेऊन सकाळी मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी २५ च्या वेगात तिसऱ्यावरून दुसरा, एवढाच बदल वीस-पंचवीस वेळा करावा. रेस किती द्यायची ते पाय शिकला की मग माल भरावा, आणि घाट त्यानंतर.