गाढव, केळें आणि प्रदर्शनाचा दरवाजा

पॅरिसमधील माँमार्त्र टेकडीवर ‘लापँ आजिल’ नांवाचें एक लहानसें मद्यगृह आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अर्धपोटीं राहणारे चित्रकार आणि नवशिके लेखक तेथें रात्र रात्र गप्पा मारीत बसत. मद्यगृहाच्या चालकापाशीं लोलो नांवाचें एक गाढव होतें. १९१० सालीं रोलाँ दॉर्जलेस नांवाच्या तरुण लेखकानें आणि त्याच्या सोबत्यांनीं या लोलोच्या शेपटीला रंगांत बुडविलेला कुंचला बांधला, मागें कॅनव्हास टेकविला आणि पुढून गाजरें चारण्यास आरंभ केला. गाजर तोंडांत पडलें कीं लोलो आनंदानें शेपूट हालवी आणि मागें रंगाचे फटकारे उमटत. पुढें कोणी शंका घेऊं नये म्हणून कायदेशीर दाखला देणारा एक अधिकारी मुद्दाम बोलावून आणला होता. त्या सद्‌गृहस्थानें हा सारा प्रकार गंभीर मुद्रेनें पाहून रीतसर पंचनामा लिहून दिला!

चित्राला नांव मिळालें ‘आणि सूर्य एड्रियाटिकवर निद्राधीन झाला’. चित्रकार म्हणून जिनोआनिवासी जोआकिम-राफाएल बोरोनाली या इटालियन कलावंताचें नांव घालण्यांत आलें. फ्रेंच कथांतून गाढवाला ‘आलिबोराँ’ म्हणतात. त्याच अक्षरांची उलटापालट केली कीं ‘बोरोनाली’ होतें. शिवाय या बोरोनालीच्या नांवें ‘अतिरेकवाद’ या नव्या कलापंथाचा एक जाहीरनामाहि प्रसिद्ध झाला. ‘स्वतंत्र कलावंतां’च्या वार्षिक प्रदर्शनांत चित्र लागलें, त्याची चर्चा झाली, आणि मग दॉर्जलेसनें पंचनाम्यासह सारें बिंग वृत्तपत्रांतून फोडलें. तें चित्र ४०० फ्रँकांना विकलें गेलें व ती रक्कम अनाथ मुलांच्या मदतीस देण्यांत आली. फ्रान्समधील मिलि-ला-फोरे या गांवीं तें जपून ठेवलेलें आहे.

ही हकीकत सांगितली कीं ऐकणारे पोट धरून हंसतात आणि म्हणतात, “पाहा, आम्ही म्हणत नव्हतों? नवी चित्रकला म्हणजे गाढवाचें शेपूट!” मीहि प्रथम असाच हंसलों होतों. परंतु थोडा विचार केल्यावर एक अडचण ध्यानांत आली. ज्या प्रदर्शनांत लोलोची कृति लागली, त्याला परीक्षकमंडळच नव्हतें. ती संस्था १८८४ सालीं निघाली तीच मुळीं ‘परीक्षक नाहींत, पारितोषिकें नाहींत’ या प्रतिज्ञेवर. फी भरील त्याचें चित्र भिंतीवर लागे. ज्या दाराला कडीच नाहीं त्यांतून आंत शिरून ‘कशी कडी काढली!’ म्हणून मिशीवर ताव देण्यांत पुरुषार्थ कोणता?

ही कडी मुळांत काढून कां टाकावी लागली, तें मात्र समजून घेतलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत पॅरिसच्या चित्रकाराचें सारें भवितव्य ‘सलों’ या सरकारी प्रदर्शनावर अवलंबून असे. गिऱ्हाईक, सरकारी काम, वृत्तपत्रांतील चार ओळी, सारें त्याच दारांतून येई. १८५५ सालच्या जागतिक प्रदर्शनांत आपलीं कांहीं मोठीं चित्रें परत आलीं, तेव्हां कूर्बे नांवाच्या मानी चित्रकारानें जवळच स्वखर्चानें आपला मंडप ठोकला. १८६३ सालीं तर परीक्षकांनीं निम्म्याहून अधिक कृति नाकारल्या. तेव्हां एवढी ओरड झाली कीं बादशहा तिसऱ्या नेपोलियननें ‘नाकारलेल्यांचें प्रदर्शन’ भरविण्याची आज्ञा केली. माने याचें ‘हिरवळीवरील भोजन’ हें चित्र तेथें लागलें होतें. लोक झुंडीनें आले. पण पाहण्यास कमी आणि हंसण्यास अधिक. चित्रकारांना हें हंसणें जिव्हारीं लागलें असल्यास नवल नाहीं. पुढच्या पिढीनें मग एक युक्ति काढली. लोकांनीं आपणांस हंसण्यापूर्वीं आपणच हंसून मोकळें व्हावें!

या युक्तीचा एक नमुना अमेरिकेंतला आहे. पॉल जॉर्डन-स्मिथ हे कॅलिफोर्नियांतील एक विद्वान लेखक. त्यांच्या पत्नीचीं चित्रें प्रदर्शनाच्या परीक्षकांनीं ‘जुन्या वळणाचीं’ म्हणून हिणविलीं. पतिराजांना राग आला. ज्यांनीं आयुष्यांत कुंचला हातीं धरला नव्हता, त्यांनीं १९२४ सालीं एका बेटावरील बाईचें चित्र काढलें. बाईच्या हातांत केळ्याची साल! आपलें नांव त्यांनीं केलें पाव्हेल जेर्दानोविच, आणि ऐटबाज केस विस्कटून, डोळे वटारून स्वतःचें छायाचित्र काढविलें. चित्र न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत गेलें. पॅरिसच्या एका कलाविषयक नियतकालिकानें कलावंताची माहिती मागविली, तेव्हां यांनीं मॉस्कोंतील जन्मापासून सारें चरित्र कल्पनेनें रचून पाठविलें, आणि चित्राचा अर्थहि कळविला: त्या बेटावर बायकांना केळें खाण्याची बंदी, या बाईनें मिशनऱ्यास ठार करून पहिलें केळें खाल्लें, तेव्हां हें चित्र म्हणजे स्त्रीजातीच्या शृंखलांचा भंग! तो अर्थ छापूनहि आला. १९२७ सालीं जॉर्डन-स्मिथ यांनीं एका वृत्तपत्रापाशीं सारें कबूल केलें.

लोलोच्या थट्टेपेक्षां ही थट्टा मला अधिक मार्मिक वाटते. येथें फसलें तें पाहणाऱ्याचे डोळे नव्हेत, तर नांव, छायाचित्र, चरित्र आणि अर्थ यांवर विसंबून राहणारी त्याची संवय. प्रदर्शनांत चित्रापुढें उभें राहिल्यावर आपली नजर आधीं कोठें जाते? खालच्या चिठ्ठीकडे! नांव ओळखीचें निघालें कीं मान डोलते. अनोळखी निघालें कीं आपण शेजाऱ्याचा चेहरा पाहतों. मी तरी पाहतों.

येथवर आपण एकेका शहराच्या प्रदर्शनांविषयीं बोललों. आतां राष्ट्रांच्या प्रदर्शनाकडे वळूं. १८९५ सालीं इटलींतील व्हेनिस शहरानें दर दोन वर्षांनीं भरणारें आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन सुरू केलें. ‘बिएनाले’ या इटालियन शब्दाचा अर्थ ‘द्वैवार्षिक’ एवढाच. १९०७ सालीं बेल्जमनें तेथील उद्यानांत आपलें स्वतःचें दालन बांधलें आणि मग एकामागून एक राष्ट्रांनीं तेथें वास्तु उभ्या केल्या. परिणाम असा झाला कीं कलावंत तेथें नुसता कलावंत राहिला नाहीं, तर राष्ट्राचा वकील झाला. भारतानें आपलें स्वतंत्र दालन प्रथम मांडलें तें २०११ सालीं, मुंबईचे कवि व कलासमीक्षक रणजित होस्कोटे यांच्या संयोजनाखालीं. त्यानंतर २०१९ सालीं, गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्तानें. त्या वेळीं शकुंतला कुलकर्णी यांनीं केलेलीं वेताचीं चिलखतें तेथें मांडलीं होतीं. पण ज्या कलावंताला राष्ट्र पाठवीतच नाहीं, त्यानें काय करावें?

यायोई कुसामा या जपानी बाईंनीं याचें एक उत्तर दिलें. १९२९ सालीं मात्सुमोतो येथें त्यांचा जन्म झाला. लहानपणापासून त्यांना भोंवतालच्या वस्तूंवर ठिपकेच ठिपके पसरलेले भासत, आणि तेच त्या कागदावर काढीत. १९५८ सालीं त्या न्यूयॉर्कला येऊन राहिल्या. एकटी बाई, परकी भाषा, हातांत पैसा नाहीं. त्यांचीं चित्रें पाहणाऱ्यांना आवडत. परंतु आपल्या कल्पना उचलून नांव मात्र इतरांनीं मिळविलें, ही खंत त्यांनीं पुढें लिहून ठेविली आहे.

१९६६ सालच्या बिएनालेस त्यांना रीतसर निमंत्रण नव्हतें. तरी त्या व्हेनिसला गेल्या. लुचो फोंताना या वडीलधाऱ्या इटालियन कलावंतानें पैशाची मदत केली. इटलीच्या दालनासमोरील हिरवळीवर त्यांनीं आरशासारखे चकचकणारे प्लास्टिकचे सुमारें १५०० गोळे पसरले, आणि स्वतः सोनेरी किमोनो नेसून त्यांमध्यें उभ्या राहिल्या. या मांडणीचें नांव ‘नार्सिससची बाग’. पाण्यांतील स्वतःच्या प्रतिबिंबावर भाळून झुरत मेलेल्या ग्रीक तरुणाची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. जवळ पाटी होती: ‘तुमचें आत्मप्रेम विकणें आहे.’ भाव, एका गोळ्यास १२०० लिरा, म्हणजे त्या वेळचे सुमारें दोन डॉलर. टीकाकार, धनिक, संग्राहक येत, गोळ्यांत वाकून पाहत, आणि प्रत्येकास त्यांत काय दिसे? स्वतःचें तोंड!

अधिकाऱ्यांनीं विक्री थांबविली. आइस्क्रीम विकावें तशी कला येथें विकतां येणार नाहीं असा त्यांचा आक्षेप होता, असें कुसामाबाई सांगतात. यांतली खरी गंमत निराळीच आहे. त्या काळीं बिएनालेचें स्वतःचें विक्रीखातें होतें आणि तेथें कलाकृति खुशाल विकल्या जात. तेव्हां बाईंचा गुन्हा विक्रीचा नव्हता. दाराआड, हलक्या आवाजांत, मोठ्या आंकड्यांनीं जो व्यवहार चाले, तोच त्यांनीं भर उन्हांत, फेरीवाल्याप्रमाणें, कोणाच्याहि खिशाला परवडेल अशा भावानें मांडला, हा त्यांचा गुन्हा. मला या प्रसंगांतली थट्टा जेवढी जाणवते तेवढीच त्यामागची निकडहि जाणवते. लोलोच्या धन्यांना रात्रीं घरीं जाऊन झोपतां येत होतें. कुसामाबाईंना मात्र त्या हिरवळीवर कोणीतरी आपल्याकडे पाहणें भागच होतें.

पुढचीं वर्षें सुखाचीं नव्हतीं. १९७३ सालीं प्रकृति ढांसळून त्या जपानला परतल्या आणि १९७७ पासून स्वेच्छेनें टोकियोंतील एका मनोरुग्णालयांत राहूं लागल्या. दिवसा जवळच्या चित्रशाळेंत जाऊन काम करावें, रात्रीं रुग्णालयांत परतावें, असा क्रम. परदेशांत त्यांचें नांव जवळजवळ विसरलें गेलें होतें. आणि मग १९९३ सालीं, त्या हिरवळीवरील प्रसंगानंतर सत्तावीस वर्षांनीं, व्हेनिसच्या त्याच उद्यानांत जपानचें राष्ट्रीय दालन कुसामाबाईंच्या हवालीं करण्यांत आलें! त्यांनीं तेथें आरशांची खोली उभारून तींत ठिपक्याठिपक्यांचे भोंपळे मांडले, आणि आलेल्या पाहुण्यांना लहान लहान भोंपळे वाटले. विकले नाहींत, वाटले. ‘नार्सिससची बाग’ आतां मोठमोठ्या संग्रहालयांतून पोलादी गोळ्यांनीं मांडली जाते. १२०० लिरांना मात्र गोळा मिळत नाहीं.

योगायोग पाहा. त्याच १९९३ सालीं, त्याच बिएनालेंत, मौरिझियो कॅटेलान या इटालियन तरुणाला नवोदितांच्या विभागांत जागा मिळाली. ज्या जागेसाठीं इतर कलावंत वर्षानुवर्षें झुरतात, ती यानें एका जाहिरात-कंपनीला भाड्यानें देऊन टाकली. तेथें एका नव्या अत्तराची जाहिरात लागली! १९९९ सालीं यानें आणखी पुढची मजल मारली. एका सहकाऱ्याबरोबर त्यानें ‘सहावी कॅरिबियन बिएनाले’ जाहीर केली. आधींच्या पांच झाल्याच नव्हत्या. जाहिराती आल्या, सूचिपत्र निघालें, दहा नामांकित कलावंतांना सेंट किट्स बेटावर बोलावणें गेलें. आणि प्रदर्शनांत कांहीं म्हणजे कांहींहि नव्हतें. मंडळी समुद्रस्नान करून परत गेलीं. केळ्याच्या सालीचा विषय मघां निघाला म्हणून सांगतों: भिंतीला चिकटपट्टीनें केळें चिकटवून २०१९ सालीं मायामी येथील कलाबाजारांत १,२०,००० डॉलरांना विकणारा तो हाच कॅटेलान. त्याच कृतीची एक प्रत २०२४ सालीं न्यूयॉर्कच्या लिलांवांत ६२ लक्ष डॉलरांना गेली. जॉर्डन-स्मिथ यांच्या केळ्यानें निदान परीक्षकांना लाज वाटावी अशी अपेक्षा होती. या केळ्याला कोणालाच लाजवावयाचें नाहीं. थट्टा, तिचा बळी आणि तिचें गिऱ्हाईक, तिघेहि एकाच पंगतीला बसले आहेत. हा प्रकार मला हंसवितो खरा, पण फार वेळ नाहीं.

त्यापेक्षां आपल्याकडील एका हिशेबतपासनिसाची थट्टा मला जवळची वाटते. भूपेन खख्खर हे १९३४ सालीं मुंबईंत जन्मले. सनदी हिशेबतपासनिसाची परीक्षा देऊन ते १९६२ सालीं बडोद्यास गेले आणि पुष्कळ वर्षें पोटासाठीं हिशेब तपासून उरलेल्या वेळांत चित्रें काढीत राहिले. १९७२ सालच्या आपल्या प्रदर्शनासाठीं त्यांनीं जें सूचिपत्र छापलें, त्यांत ते स्वतःच कोठें गुप्तहेर जेम्स बाँडच्या, कोठें दंड फुगविलेल्या पहिलवानाच्या, तर कोठें दंतमंजनाच्या जाहिरातींतील हंसऱ्या इसमाच्या थाटांत उभे आहेत. जगप्रसिद्ध कलावंताची जी जी म्हणून ऐट असते, ती त्यांनीं बाजारी छायाचित्रांतून स्वतःवरच करून घेतली. पुढें वीस वर्षांनीं, १९९२ सालीं, जर्मनींतील कासेल येथें भरणाऱ्या ‘डॉक्युमेंटा’ या अत्यंत मानाच्या प्रदर्शनाचें त्यांना खरोखरच निमंत्रण आलें. २००३ सालीं ते वारले. २०१६ सालीं लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयांत त्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरलें, तेव्हां तेथील एका टीकाकारानें त्यावर तिखट हल्ला चढविला. इतरांनीं तितक्याच तिखटपणें उत्तरें दिलीं.

त्या प्रदर्शनाचें नांव त्यांच्याच १९८१ सालच्या एका चित्रावरून घेतलें होतें: ‘सगळ्यांना खूष करतां येत नाहीं’. बाप, मुलगा आणि गाढव यांची जी गोष्ट आपण लहानपणीं ऐकली, तीच या चित्रांत गांवाच्या रस्त्यावर चालली आहे. गॅलरींत एक विवस्त्र माणूस आपल्याकडे पाठ करून उभा आहे आणि खालच्या त्या तिघांकडे निमूटपणें पाहत आहे.