सुटण्याचं कसब

पाकिटावर पालीचा पंजा, खाली ठळक ‘नॅनो’, आणि किती किलो पेलतं त्याचा आकडा. ही पारदर्शक चिकटपट्टी काढायला गेलो तर भिंतीचा रंग पोपड्यांसकट हातात आला. आत साधं मऊ जेल. पालीच्या केसांचा पत्ताच नाही. पालीच्या पकडीचं गूढ उकलणाऱ्या ज्या शोधाला पंचवीस वर्षं उलटली, त्याचं नाव आता असं खपतंय.

आधीचा इतिहास थोडक्यात आटोपतो. पालीचं नवल ॲरिस्टॉटललाही होतं. पुढे कुणी म्हणालं ती पायांनी हवा शोषते, कुणी म्हणालं पायाला गोंद असतो, कुणी बारीक आकडे सुचवले. १९६०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बोटांवरचे केस नीट दिसले, पण वाद मिटला नाही.

खरी धमाल २००० नंतरच्या दशकात. मी तेव्हा एका दैनिकाच्या विज्ञान पुरवणीत लिहायचो. जून २०००च्या ‘नेचर’मध्ये केलर ऑटम, रॉबर्ट फुल आणि सहकाऱ्यांनी ‘टोके’ जातीच्या पालीच्या पायावरल्या एकाच केसाची पकड मोजून दाखवली: सुमारे २०० मायक्रोन्यूटन, म्हणजे मुंगी उचलता येईल एवढी. एका पायावर असे जवळपास पाच लाख केस, प्रत्येकाच्या टोकाला शेकडो फाटे. २००२मध्ये त्यांनी आणखी पुरावा दिला: गोंद नाही, शोषण नाही, रेणूंमधलं व्हॅन डर वाल्स आकर्षण.

पण त्या शोधाची दुसरी बाजू मला जास्त भावली. केस दाबून किंचित ओढला की धरतो आणि भिंतीशी तीसेक अंशांहून जास्त कलला की आपोआप सुटतो. खिडकीच्या काचेवर बाहेरून चढलेली पाल आतल्या बाजूने पाहा. पाऊल उचलण्याआधी तिच्या बोटांची टोकं वर वळतात आणि पाय टोकाकडून सुटत जातो. हे मी लिहून दिलं. छापून आलं ते सिंहगडाच्या कड्यावरच्या घोरपडीच्या चित्रासह. तानाजींच्या घोरपडीची गोष्ट दंतकथा. शिवाय घोरपड नखांनी चढते, तिच्या पायाला असे केस नसतातच. तक्रार केली तर पुरवणीचे साहेब म्हणाले, ‘वाचकाला तेवढं चालतं.’ सुटण्याचा परिच्छेद मात्र जागेअभावी कापला होता.

पुढेही तेच. २००३मध्ये मँचेस्टरच्या आंद्रे गाइम यांच्या चमूने पॉलिइमाइडच्या सूक्ष्म केसांची पट्टी बनवली आणि खेळण्यातला स्पायडरमॅन एका हाताने काचेला लटकवला. फोटो जगभर गेला. काही वेळा लावून काढल्यावर केस एकमेकांना चिकटून पकड जाते, ही ओळ कुणी छापली नाही. गंमत म्हणजे गाइम आणि त्यांचे सहकारी नोव्होसेलोव्ह यांना २०१०चं नोबेल मिळालं ते ग्राफीनसाठी, आणि ग्राफीन वेगळं करायला वापरली होती बाजारातली साधी चिकटपट्टी! २००७मध्ये पुलिकल अजयन आणि पवईच्या आयआयटीतून शिकून अमेरिकेत गेलेले अली धिनोजवाला यांच्या चमूने कार्बन नळ्यांची पट्टी केली. पालीच्या पायाच्या जवळपास चौपट ताण सोसणारी. मथळ्यात पुन्हा ‘चौपट’ तेवढं आलं.

नंतरची वर्षं मी दुरून पाहिली. आमची पुरवणी बंद पडली, त्या पानावर गृहसंकुलांच्या जाहिराती आल्या. २०१४मध्ये अमेरिकी संरक्षण संशोधन संस्था डार्पाने हातात पट्ट्या दिलेला माणूस २५ फूट काचेच्या भिंतीवर चढवल्याचं जाहीर केलं. लोकांनी बातमी वाचली आणि ते विसरले.

काम झालं ते गाजावाजाविना. अवकाशात हवा नसल्याने शोषणाची वाटी निरुपयोगी. म्हणून स्टॅनफर्ड आणि नासाच्या मंडळींनी केसाळ पट्ट्यांचा पंजा घडवला. तो गुळगुळीत वस्तू अलगद धरतो आणि धक्का न देता सोडतो. अवकाश स्थानकात त्याची चाचणीही झाली. कारखान्यांत तसेच पंजे काचा आणि सपाट पत्रे डाग न पाडता उचलून ठेवतात. चिकटवायला माणसाकडे खळ, डिंक, सरस पूर्वीपासून होतेच. पालीकडून शिकण्यासारखं होतं ते सोडणं, आणि ज्यांनी तो प्रश्न आधी हाती घेतला त्यांचंच काम टिकलं.