दऱ्या आणि दर्या

घाट उतरून कोंकणांत जाणारा प्रवासी आधीं सह्याद्रीच्या दऱ्या पाहतो, मग दर्या. उच्चारांत या दोन शब्दांचें अंतर थोडें. अर्थांत मात्र डोंगरापासून समुद्रापर्यंतचें. पहिल्यांत मागील अक्षरावर आघात येत नाहीं, म्हणून तेथें आडवा अर्धा र. दुसऱ्यांत तो येतो, म्हणून रफार. बोरूनें वा टांकानें लिहिणारास हा भेद एका फटकाऱ्याचा होता. संगणकावर लिहिणारास तो शोधावा लागतो.

कारण संगणक अक्षराचें चित्र सांठवीत नाहीं, वर्णांचे क्रमांक सांठवितो. टंकलेखनयंत्रावर ‘कि’ उमटविण्यास आधीं वेलांटी ठोकावी लागे, मग क. कागदावर तीच आधीं येते ना! १९९१ सालीं युनिकोड या जागतिक संकेतमालेची पहिली आवृत्ति निघाली, तींत देवनागरी आली ती उच्चाराच्या क्रमानें. क आधीं, वेलांटी मागाहून. तिला डावीकडे नेऊन बसविण्याचें काम यंत्राचें. लेखन यामुळें सुलभ झालें, हें निःसंशय. परंतु र, पायमोडीची खूण आणि य हे ओळीनें आले कीं यंत्र रफारच देतें. आडवा र हवा असल्यास निराळा ‘ऱ’ घ्यावा, अथवा पायमोडीनंतर एक अदृश्य सांधा घालावा. पडद्यावर दोहोंचें रूप एकच. यंत्राच्या लेखीं मात्र ते दोन भिन्न शब्द! दोहोंचें ऐक्य यंत्रास आधीं शिकविलें नसेल, तर एका रीतीनें लिहिलेल्या ग्रंथांत दुसऱ्या रीतीनें ‘दऱ्या’ धुंडाळणारा अभ्यासक रिकाम्या हातीं परततो.

पुष्कळ लोक तर रोमन अक्षरें दाबून मराठी लिहितात. तेथें ल आणि ळ, न आणि ण एकाच अक्षराच्या आश्रयास असतात. ‘बाल’ कीं ‘बाळ’, हें यंत्र पर्याय पुढें करून विचारतें, आणि घाईंतला अंगठा पहिल्यावरच पडतो. ‘साऱ्या’ऐवजीं ‘सार्या’ दिसलें कीं वाचक लेखकाला अडाणी ठरवितो. हा बहुधा अन्याय होय. लेखकास उच्चार ठाऊक असतो. कळ ठाऊक नसते.

ती कळ फार दूरही नाहीं. इनस्क्रिप्ट या सरकारमान्य कळफलकावर र ज्या कळीवर आहे, तीच शिफ्टसह दाबली कीं ‘ऱ’ येतो. मग पायमोड, मग य.