सुपारीचे शंभर काप

एका सुपारीचे शंभर काप होतात, हे मी पहिल्यांदा ऐकलं ते चीनच्या हबेई प्रांतात, थांग तालुक्यातल्या बेथून-कोटणीस स्मारकाच्या आवारात. सोलापूरच्या माणसाला या डोंगराळ भागाची ओढ असते ती डॉ. द्वारकानाथ कोटणिसांमुळे. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते गेले, याच टापूत युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, इथल्याच एका खेड्यात वारले. स्मारक पाहून बाहेर आल्यावर माझ्यासोबतच्या दुभाषी मुलीने विचारलं, "तुमच्याकडे सुपारी कशी फोडतात?" मी अडकित्त्याचं वर्णन केलं, खांडं आणि कात्रण यांतला फरक सांगितला. ती म्हणाली, "आमच्या गावात एका सुपारीचे शंभर काप करणारी माणसं आहेत." तिचं गाव आनगुओ, थांग तालुक्यासारखंच बाओदिंग जिल्ह्यातलं. मी पुढचे सगळे बेत बाजूला ठेवले.

आनगुओचं जुनं नाव छीचौ. उत्तर चीनमधली वनौषधींची ही मोठी बाजारपेठ. गावात औषधराजाचं देऊळ आहे. त्यातला देव म्हणजे हान काळातला फी थोंग नावाचा सेनापती. देवळाच्या भोवती शतकानुशतकं व्यापाऱ्यांची जत्रा भरत आली आणि त्या जत्रेची पेठ झाली. बाजारात पाऊल टाकलं की आधी नाक भरून जातं. ज्येष्ठमध, सुंठ, दालचिनी हे वास ओळखीचे. त्यांच्यावर कुरघोडी करणारा एक तिखट-गोडसर वास मात्र अनोळखी होता. तो 'तांगक्वेई'चा, बायकांच्या औषधांत हमखास पडणाऱ्या मुळाचा. पोत्यांच्या थप्प्या, हातगाड्या, मोबाइलवर ओरडून भाव सांगणारे दलाल. हे सगळं कुठल्याही मोठ्या मंडईत असतं तसंच.

शंभर काप करणारे उस्ताद भेटले ते बाजारापासून दूर, एका बैठ्या घराच्या पडवीत. त्यांना सगळे 'शिफू' म्हणत होते, मीही तसंच म्हणू लागले. वय सत्तरीच्या आसपास, बोटं आखूड आणि जाड. समोर लाकडी बाक, त्याच्या एका टोकाला खिळीने अडकवलेलं रुंद पातं. पात्याला लांब मूठ. ती उजव्या हाताने वर उचलायची आणि खाली दाबायची. यंत्र म्हणून पाहिलं तर हा आपला अडकित्ताच, फक्त बाकावर बसवलेला आणि हातभर लांबीचा. डाव्या हातात खेकड्याच्या नांगीसारख्या तोंडाचा चिमटा. त्यात एक सुपारी धरायची आणि पात्याखाली केसाएवढी पुढे सरकवायची. पुन्हा मूठ खाली. पुन्हा केसाएवढी.

पहिला काप पडला तो मला दिसलाच नाही. पात्यावर ओला कुंचला फिरवताना शिफूंनी तो बोटाने सोडवला आणि माझ्या तळहातावर ठेवला. कोकणातली रोठा सुपारी कापल्यावर आतली पांढरी-तपकिरी नक्षी दिसते, ती सगळी त्या कापात होती, पण इतकी विरळ की खालच्या तळहाताच्या रेषा दिसत होत्या. त्यांनी तो वर्तमानपत्रावर ठेवला, तर चिनी अक्षरं स्वच्छ वाचता आली. मी मनात हिशेब केला. अडीच सेंटिमीटर उंचीच्या सुपारीचे शंभर काप म्हणजे एक काप पाव मिलिमीटरचा. चिनी औषधकोशात सुपारीसाठी 'पातळ चकती' पुरे असते, म्हणजे १ ते २ मिलिमीटर. मग हे पाव मिलिमीटर कुणासाठी? शंभर काप हा नुसता कसरतीचा खेळ तर नाही ना, अशी शंका मला तिथेच आली.

साठच्या पुढे गेल्यावर पातं किंचित अडकलं आणि सुपारी चिमट्यातच दुभंगली. शिफूंनी तुकडा उचलून मला दाखवला. गाभ्यात ज्वारीच्या दाण्याएवढा भाग कोरडा होता, बाकीच्यापेक्षा फिकट. त्यांनी पातं पुसलं, पातेल्यातल्या उरलेल्या सुपाऱ्या एकेक करून अंगठ्याच्या नखाने दाबून पाहिल्या, आणि सगळ्या पुन्हा ओल्या गोणपाटाखाली झाकल्या. "पाणी अजून मध्यापर्यंत गेलेलं नाही," ते म्हणाले. "आज काप होणार नाहीत."

त्या दिवशी शंभर काप मी पाहिले नाहीत. पण ती नखाने दाबून पाहण्याची कृती मनातून जाईना. शिफूंनी मग समजावून सांगितलं ते असं: वाळलेली सुपारी दगडासारखी असते. ती पाण्यात बुडवून ठेवली तर मऊ होते खरी, पण तिचा गुण पाण्यात उतरतो आणि ते पाणी फेकलं जातं. म्हणून भिजवायची कमी आणि मुरवायची जास्त. थोडा वेळ पाणी, मग दिवसेंदिवस ओल्या फडक्याखाली, वरचेवर शिंपण. पावसाळ्यात वेगळा हिशेब, थंडीत वेगळा. घाई केली तर गाभा कोरडा राहतो, विसरलं तर बुरशी येते. कापल्यावरही उन्हात घालायची नाही, सावलीत वाळवायची. हे बोलणं निव्वळ परंपरेचं नाही. सुपारीतलं मुख्य द्रव्य अॅरेकोलिन पाण्यात विरघळतं आणि चिनी वैद्यकात सुपारी जंतांवर देतात ती त्याच्याच जोरावर. एरवी मात्रा ३ ते १० ग्रॅम, पट्टकृमीसाठी ३० ते ६० ग्रॅम, सोबत भोपळ्याच्या बिया. जे द्रव्य जंताला लुळं करतं तेच धुवून टाकलं, तर रुग्णाच्या काढ्यात लाकूड तेवढं उरणार.

तेव्हा माझी शंका फिटली. शंभर काप रुग्णासाठी नसतातच. ती मुरवण्याची परीक्षा आहे. पाणी गाभ्यापर्यंत सगळीकडे सारखं पोचलं असेल तरच पाव मिलिमीटरचे काप पाडत पातं न अडकता शेवटपर्यंत जातं. ज्याला शंभर काप जमतात त्याच्या हाताखालून गेलेल्या दीड मिलिमीटरच्या चकतीवर भरवसा ठेवता येतो. "तुम्ही स्वतः सुपारी खाता का?" असं मी विचारल्यावर ते चमकून म्हणाले, "ते औषध आहे. पोटात जंत नसताना कशाला खाऊ?" सुपारी चघळण्याने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली निःसंदिग्ध सांगितलं. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण घरोघरी पाहिलेल्या महाराष्ट्रातून मी आले होते. शिफूंच्या त्या उत्तराने मला फार बरं वाटलं.

गावातल्या चिनी वैद्यकाच्या रुग्णालयात मी गेले ते कापलेली औषधं पुढे कुठे जातात हे पाहायला. वाटेत अॅक्युपंक्चरचा कक्ष लागला, तिथे बराच वेळ थांबले. दारातूनच दवण्याच्या जवळचा वास आला. जळणारी वनस्पती होती 'आय', दवण्याच्याच कुळातली. तिच्या वाळलेल्या लवेची कांडी पेटवून त्वचेपासून थोड्या अंतरावर शेक देतात. गुडघेदुखीच्या एका आजीबाईंना डॉक्टरीणबाई सुया लावत होत्या. वाटीखाली चार बोटं, नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर. बोटं मोजायची ती रुग्णाची, डॉक्टरची नव्हे, कारण प्रत्येक शरीराचं माप त्याचं त्यालाच लागू. अंगठ्याने दाबत दाबत जागा सापडली, सुई गेली, मग बोटांत हलके फिरवत बाई विचारत राहिल्या, "आलं का?" ठणका, झिणझिणी, ताण किंवा जडपणा, यांपैकी काहीतरी जाणवायला हवं. आजी "हं" म्हणेपर्यंत बाईंनी हात काढला नाही.

सुयांच्या बाबतीत मी सावध आहे. जर्मनीत ११६२ कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सहा महिन्यांनी शास्त्रोक्त जागी सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना ठीक उतार पडला होता. मुद्दाम भलत्या जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी फक्त २७.४ टक्क्यांना. या आकड्यांवरून सुयांच्या जागा ठरवणारा नाड्यांचा नकाशा सिद्ध होत नाही. पण कुणीतरी दुखरी जागा बोटांनी शोधतं, विचारतं, उत्तराची वाट पाहतं, यात काहीतरी आहे हे त्यांतून दिसतं, आणि त्या आजीबाईंच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं. कोटणिसांच्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि त्यांनी ती भारतात आणली. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे विदर्भातही आता फारसं कुणाला आठवत नाही.

औषधालयात भिंतभर लहान खणांचं कपाट. काउंटरवर एका तरुण मुलीने सात कागद पसरले होते, सात दिवसांच्या सात पुड्या. एक औषध सातही पुड्यांचं मिळून एकदम तोलायचं, मग काट्यावर दर वेळी एकेका पुडीएवढं कमी करत कागदांवर घालायचं. अंदाजाने सात वाटे करायला बंदी. पुडीच्या वजनात पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक चालत नाही, असं तिने सांगितलं. कोणतं औषध कोणासोबत द्यायचं नाही याची अठरा जोड्यांची जुनी यादी तिला पाठ होती. शिंपले आणि खनिजं आधी उकळायची, पुदिना शेवटी, बारीक बिया कापडाच्या पुरचुंडीत. प्रत्येक वेगळ्या पुडीवर तशी चिठ्ठी. मग दुसरी व्यक्ती सगळं पुन्हा पाहून सही करते.

'फूत्झ'ची पुडी तिने वेगळी ठेवली. हा आपल्या बचनागाचा सख्खा भाऊ. कच्चा पोटात गेला तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावतो. आपल्याकडे बचनाग गोमूत्रात शुद्ध करतात, इथे फूत्झचे कंद खारवून, उकळून, कापून, पुन्हा पुन्हा धुऊन मग बाजारात येतात, आणि तरीही रुग्णाने तो इतर औषधांच्या आधी बराच वेळ एकटा उकळायचा असतो. यातली एक पायरी गाळली तर औषध आणि विष यांत फरक राहत नाही.

माल ओळखण्याची पायरी गाळली तर काय होतं, तेही दिसलेलं आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन उतरवण्याच्या एका उपचारात 'फांगजी' या मुळाच्या जागी 'क्वांग फांगजी' नावाचं दुसरंच मूळ गेलं. त्यात अॅरिस्टोलोकिक आम्ल होतं. शंभरेक बायकांची मूत्रपिंडं त्यात गेली किंवा कायमची दुखावली, काहींना पुढे मूत्रमार्गाचे कर्करोग झाले. ज्या मुळाचा काप पाहून, हुंगून, जिभेला लावून आनगुओतल्या जाणत्या माणसाने "हे ते नव्हे" म्हटलं असतं, ते कित्येक हातांतून तपासणीविना गेलं. चिनी वैद्यकावर वाद होतो तो 'ची' नावाची प्राणशक्ती खरी की खोटी यावर. मला वाटतं, वाद व्हायला हवा तो या मधल्या हातांवर: माल कोण ओळखतं, कोण मुरवतं, कोण तोलतं, आणि त्यांना पगार किती.

शिफूंकडे मी पुन्हा गेले तेव्हा सुपाऱ्या तयार होत्या. मूठ एका लयीत खाली येत गेली, काप एकमेकांवर भरत गेले, पातं कुठेही अडकलं नाही. मोजणी दुभाषी मुलीने केली: एकशे चार. तो ढीग त्यांनी एका प्रदर्शनासाठी डब्यात भरला. विकायला ते हे काप ठेवत नाहीत, कारण घेणारा किलोच्या भावाने घेतो आणि यंत्र तासाभरात पोतं कापून देतं. यंत्राला माझा विरोध नाही, शिफूंचाही नव्हता. पातं कुणी का चालवेना, असंच ते म्हणाले. त्यांची तक्रार वेगळी होती. यंत्र कोरडा गाभाही कापतं. पूर्वी अर्धवट मुरलेली सुपारी पात्याखाली दुभंगायची आणि चूक तिथल्या तिथे उघडी पडायची. आता ती चकती होऊन पुढे जाते, तोलली जाते, पाच टक्क्यांच्या आत बसते, आणि तिच्यावर सहीसुद्धा होते. त्यांच्या हाताखाली सध्या शिकणारं कुणी नाही. गेल्या शागिर्दाने तीन वर्षं सुपाऱ्या मुरवल्या, मग तो यंत्राच्या कारखान्यात लागला, आणि तिथे मुरवणीच्या टाक्यांवर त्याला ठेवलंय, एवढं समाधान शिफूंना आहे. दर थोड्या दिवसांनी तो मूठभर सुपाऱ्या घेऊन येतो आणि त्यांच्याकडून नखाने दाबवून घेतो.