शिल्लक रजेचा हिशेब

गेल्या रमजानमध्ये माझा मुलगा चार दिवसांची रजा घेऊन पुण्याहून मालेगावला आला. सलाम-दुवा झाल्याबरोबर अब्बांनी, म्हणजे त्याच्या नानांनी, विचारले, "कोणी आजारी आहे का?"

"नाही."

"मग कुणाचा निकाह?"

"नाही नाना, असंच. सगळ्यांबरोबर इफ्तार करावा म्हणून आलो."

अब्बा गप्प झाले. मुलगा वुजूला उठला तेव्हा मला म्हणाले, "असंच कुणी रजा घेतं का?"

अब्बांचा प्रश्न समजून घ्यायचा तर एक पिढी मागे जावे लागते. माझे दादा यंत्रमाग चालवत. मजुरी कापडाच्या मीटरवर. साचा थांबला की मजुरी थांबली. आमच्या गावात यंत्रमाग जुम्म्याला बंद असतात. तीच दादांची सुट्टी, आणि तीही बिनपगारी. वर्षात 240 दिवस काम केलेल्या कामगाराला पुढे दर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा, असे 1948 च्या कारखाना कायद्याने ठरवले होते. दादांच्या छोट्या शेडपर्यंत तो कायदा कधी पोहोचला नाही.

अशा घरातून अब्बा सरकारी कचेरीत कारकून झाले. काम न करताही पगार मिळतो, हेच त्यांना नवल होते. मग ती रजा त्यांनी सोन्यासारखी जपली. निवृत्त होताना 300 दिवसांपर्यंतची शिल्लक अर्जित रजा रोखीने मिळते. अब्बा 2006 साली निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या सेवापुस्तकात पूर्ण 300 दिवस जमा होते. त्याच पैशांतून घराची पुढची खोली बांधली. आज आम्ही सगळे इफ्तारला बसतो ती हीच खोली. त्यांच्या काटकसरीला हसण्याचा हक्क आम्हाला नाही.

पण त्या खोलीची किंमत पैशांतच मोजायची का? अम्मीचे ऑपरेशन झाले त्या दिवशी अब्बा हजेरीपटावर सही करून, साहेबांना सांगून, दुपारनंतर दवाखान्यात आले. अम्मीची थोरली बहीण मुंबईला होती. आठ दिवस तिच्याकडे राहायला जायचे, असे अम्मी दरवर्षी म्हणे. "निवृत्तीनंतर जाऊ," असे अब्बा म्हणत. निवृत्तीच्या दोन वर्षे आधी खालाजान अल्लाहला प्यारी झाली.

दोष एकट्या अब्बांना का द्यावा? मी त्यांचीच मुलगी. वर्षाला ठराविक किरकोळ रजा मिळतात. त्यातली एकही न घेतल्याचे मी वर्षानुवर्षे अभिमानाने सांगत आले. माझ्या शाळेच्या पालकसभेत "मुलांना वेळ द्या" असे इतरांच्या आईबापांना समजावत राहिले, आणि माझ्या मुलाच्या पालकसभेला मात्र एकदाही गेले नाही. मागच्या वर्षी त्याने हे सहज बोलून दाखवले. तक्रार म्हणून नाही. पण ते ऐकून त्या रात्री मला झोप लागली नाही.

नवी पिढी आळशी आहे, असे आपण चटकन म्हणून टाकतो. अब्बा मात्र सहाला घरी आले की कचेरी मागेच राहायची. माझ्या मुलाची कचेरी त्याच्या खिशात असते. तिसऱ्या दिवशी इफ्तारला पाच मिनिटे असताना त्याचा फोन वाजला आणि हातातली खजूर ठेवून तो बाहेर गेला. परत आला तेव्हा आमची मगरिब झाली होती. अम्मी म्हणाली, "ही कसली रे रजा?" हा प्रश्न अब्बांच्या प्रश्नाहून खरा होता.

आपल्या दीनने मेहनतीची हलाल रोजी मोठी मानली आहे. जुम्म्याची नमाज झाल्यावर पुन्हा रोजी शोधायला निघा, असे कुरआनच सांगते. पण रात्रंदिवस इबादतीत बुडालेल्या साथीदारांनाही, तुमच्या शरीराचा आणि घरच्यांचा तुमच्यावर हक आहे, अशी आठवण प्रेषितांनी (स.) करून दिली होती. इबादतीलाही जी मर्यादा आहे, ती नोकरीला नसावी का?

उर्दूत 'रजा' म्हणजे मर्जी, खुशी. मराठीत तोच शब्द सुट्टी झाला. दोन्ही भाषा शिकवताना मला हे नेहमी गंमतीचे वाटे. आता वाटते, ज्यात घरच्यांची खुशी नाही ती रजा कागदावरचीच.

आणि एक माणूस या सगळ्या हिशेबाबाहेर राहिले. सहरीला सर्वांआधी उठणारी, तरावीहनंतर भांडी घासणारी अम्मी. तिचे सेवापुस्तक कुणी लिहिलेच नाही. चौथ्या दिवशी मुलाने आणि मी स्वयंपाकघर हातात घेतले. भजी थोडी जळली. अम्मी अर्धा तास अस्वस्थ होती, मग तस्बीह घेऊन शांत बसली.

मुलगा निघाला तेव्हा अब्बा दारापर्यंत गेले. एस.टी.त खायला म्हणून खजुराचा पुडा दिला आणि विचारले, "ईदनंतर किती रजा शिल्लक राहील?"

"सहा दिवस, नाना."

"साठवू नकोस," अब्बा म्हणाले. "तुझ्या नानीला मुंबईला न्यायचंय. खालाजान नाही, पण तिची मुलं आहेत."