केस पेपरमधून संशोधन कसं होतं? क्लिनिकल डेटा अ‍ॅबस्ट्रॅक्शन सोप्या भाषेत

फेब्रुवारी 2021 आठवतो? कोरोनाची दुसरी लाट राज्यात सगळ्यात आधी आपल्या अमरावती-अकोल्याकडे जाणवली आणि अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला. तेव्हा सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता: या वेळी तरुण पेशंट जास्त सिरियस होत आहेत का? याचं उत्तर कोणत्याही अ‍ॅपमध्ये नव्हतं. ते वॉर्डातल्या केस पेपरांत होतं, डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात.

अशा कागदांतून ठरलेली माहिती शोधून ठरलेल्या रकान्यांत भरणं, याला क्लिनिकल डेटा अ‍ॅबस्ट्रॅक्शन म्हणतात. मी अकोल्यात हे काम करणारी एक छोटी टीम सांभाळतो. आमचं काम कसं चालतं आणि तुमच्या फोनचा त्यात काय संबंध आहे, ते आज पाहू.

याची गरज काय?

औषधाची ट्रायल निवडक पेशंटवर होते. खऱ्या दवाखान्यात मात्र शुगर, बीपी, अशक्तपणा असं सगळं एकत्र असलेला माणूस येतो. त्याच्यावर उपचाराचा काय परिणाम झाला, हे रोजच्या रेकॉर्डमधूनच कळतं. आयसीएमआरचा राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रम 1981 पासून असंच काम करतोय. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी तर 1987 मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, बार्शीला सुरू झाली. कोरोनातही आयसीएमआरने दवाखान्यांतल्या पेशंटची राष्ट्रीय रजिस्ट्री उभी केली होती.

अवघड काय आहे त्यात?

खर्रा! तोंडाच्या कॅन्सरच्या फायली वाचताना हा शब्द वारंवार भेटतो. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला खर्रा विदर्भात घरोघरी माहीत आहे. पण फॉर्ममध्ये पर्याय असतात तीन: तंबाखू, सुपारी, इतर. एक जण ‘सुपारी’ भरतो, दुसरा ‘इतर’. त्यात पेशंट सांगतो, “तंबाखू नाही खात जी, खर्रा खातो फक्त.” डॉक्टर लिहितात, तंबाखू नाही. झालं, तंबाखूमुळे झालेला आजार आकड्यांतून गायब!

म्हणून पहिली फाईल उघडण्याआधी आम्ही डेटा डिक्शनरी बनवतो, म्हणजे प्रत्येक रकान्याचा लेखी नियम. खर्रा दिसला तर ‘तंबाखू’ आणि ‘सुपारी’ दोन्ही भरायचं. फाईलमध्ये सवयीबद्दल काहीच नसेल तर ‘नाही’ लिहायचं नाही, ‘नोंद नाही’ असा वेगळा पर्याय निवडायचा. तारखेत महिना अक्षरी लिहायचा, कारण 03/04 चा अर्थ दोघं दोन लावतात. धारणीहून अमरावतीला आणि तिथून नागपूरला पाठवलेल्या पेशंटच्या नावाचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन असतं. म्हणून वय, गाव, तारखा जुळवून तो एकच माणूस आहे ना, हे आधी तपासायचं.

चूक कशी पकडायची?

काही फायली दोन जण वेगवेगळ्या वाचतात, एकमेकांचं न बघता. मग उत्तरं जुळवतो. समजा 100 पैकी 90 फायलींत एकमत झालं. भारी वाटतं ना? पण दोघांनीही 90 फायलींत ‘नाही’ लिहिलं असेल, तर निव्वळ योगायोगानेच 82 जुळतात. हा योगायोग वजा करणाऱ्या मापाला कप्पा म्हणतात. इथे तो येतो फक्त 0.44, म्हणजे बेताचाच. असा आकडा आला की मी आधी नियम तपासतो. बहुतेक वेळा माणूस बरोबर असतो, नियमच अर्धवट लिहिलेला असतो.

रेडकॅपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी कधी काय बदललं याची नोंद राहते. आता एआयसुद्धा कागद वाचतं, पण ‘खर्रा’ला ‘खारा’ वाचलं तर ते पकडायला माणूसच लागतो.

पेशंटच्या नावाचं काय?

एथिक्स कमिटीची परवानगी असल्याशिवाय फाईल उघडत नाही. नावाऐवजी कोड जातो आणि नाव-कोडची यादी वेगळी, कुलपात असते. फाईलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा नाही, टीमच्या ग्रुपवरसुद्धा नाही.

तुम्ही काय करू शकता?

- घरच्यांच्या डिस्चार्ज कार्डचा फोटो उजेडात, चारही कोपरे दिसतील असा काढा आणि फाईलला तारखेचं नाव द्या.
- 14 अंकी आभा नंबर काढून ठेवा, म्हणजे वेगवेगळ्या दवाखान्यांतले रेकॉर्ड एकत्र जोडता येतात.
- ओळखीच्यांचे रिपोर्ट ग्रुपवर फॉरवर्ड करू नका.
- आणि डॉक्टरांनी विचारलं तर खर्रा सांगा, किती वर्षांपासून आणि दिवसाला किती पुड्या तेही सांगा. बाबा लाजत असतील तर तुम्ही सांगा. उपचार त्यावर ठरतात, आणि पुढे ती फाईल वाचणाऱ्याला जे कागदावर आहे तेवढंच दिसतं.